सांगितलेली तारीख

‘पूर्णबिंब दिनदर्शिके’च्या कोल्हापुरातल्या कार्यालयात डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आरोग्य तपासणीची गाडी यायची. रक्तदाब, साखर, डोळे, आणि गेली तीन वर्षं ह्या सगळ्यांच्या जोडीला वलयं. पहिल्या तीन गोष्टींसाठी माणसं कंटाळत रांगेत उभी राहायची. वलयांचा कागद हातात पडला की मात्र चहाच्या टेबलाभोवती जत्रा भरायची.

“माझे गेल्या वर्षीचे अडीच महिने भरले,” बांधणी खात्यातला एक जण सांगत होता. “त्यातले दोन तर मुलीच्या लग्नाचेच असणार.”

“आणि उरलेला अर्धा?”

“व्याह्यांशी झालेल्या भांडणाचा!”

तर ही वलयं म्हणजे काय, तेही सांगून टाकू. मेंदूत नवा अनुभव साठतो तेव्हा पेशींवर एक रासायनिक खूण उमटते, आणि ती खूण किती जुनी आहे हे मोजता येतं, एवढाच मुळात शोध. डोक्याला टोप घालून वीस मिनिटं पडून राहायचं. मग पडद्यावर झाडाच्या बुंध्याचा छेद दिसावा तसं तुमचं आयुष्य दिसतं, वर्षाला एक वलय. ज्या वर्षी माणूस लक्ष देऊन जगला ते वर्ष जाड, ज्या वर्षी नुसते दिवस ढकलले ते केसाएवढं बारीक. सगळ्यांची बेरीज केली की निघतं ते ‘जगलेलं वय’. विसरभोळेपणाच्या आजारावर उपाय शोधताना डॉक्टरांच्या हाती लागलेली ही युक्ती. पण लोकांनी तिचं काय केलं बघा! लग्न जमवताना मुलीकडचे मुलाचा वलयांचा कागद मागू लागले. नोकरीच्या जाहिरातीत कंपन्या छापू लागल्या, ‘आमच्याकडे वर्षाचे चार महिने भरतात.’ चार महिने म्हणजे फार झाले असं सन २०३९ मध्ये सगळ्यांनी धरूनच चाललं होतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

अवधूत पेंडुरकर दोन वर्षं ह्या टोपाला चुकवत आला होता. वय चौपन्न, नोकरी एकतीस वर्षं, काम दिनदर्शिकेची पानं तपासण्याचं. ह्या वर्षी त्याची सुटका नव्हती. संपादक ढवळे साहेबांनी त्याच्यापुढे दहा वर्षांचा नवा करार ठेवला होता आणि करारासाठी तपासणी पूर्ण हवी होती. वीस तारखेच्या आत सही करायची होती.

गाडीतल्या डॉक्टर सायमा मुजावर वयाने तिशीच्या आतबाहेर असतील. त्यांनी पडदा अवधूतकडे वळवला आणि उगाचच घसा साफ केला.

“पेंडुरकर सर, हा आकडा मनाला लावून घ्यायचा नसतो.”

“सांगा हो. आकड्यांना मी भीत नाही. आकड्यांचीच नोकरी केलीय.”

“तुमचं जगलेलं वय चोवीस.”

अवधूत हसला. मग पडद्याकडे नीट बघून त्याचं हसू गेलं. बाविसाव्या वर्षापर्यंत वलयं चांगली ठसठशीत होती. त्यानंतर एकदम पातळ झाली होती. एकावर एक तीस रेघा, इतक्या बारीक की डॉक्टरांनी चित्र मोठं केलं तेव्हा कुठे त्या सुट्या दिसल्या.

“ही तीस वर्षं मिळून चौदा महिने भरतात,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. “ह्याहून कमी मी पाहिलेत, असं सांगायला मला आवडलं असतं. पण नाही पाहिले. मात्र हे बघा, अगदी काठाजवळ. गेल्या वर्षीचं वलय. त्यात एकटा डिसेंबर महिना आधीच्या बारा वर्षांतल्या कुठल्याही अख्ख्या वर्षापेक्षा जाड आहे. काही छान घडलं होतं का? नातवंड वगैरे?”

“बहीण गेली माझी.”

डॉक्टरांचा चेहरा कसनुसा झाला. “माफ करा. ह्या यंत्राला सुखदुःख कळत नाही, सर. लक्ष होतं की नव्हतं, एवढंच दिसतं.”

“आणि पुढचं? पुढची किती?”

“पुढचं कसं दिसेल? पुढे अजून झाडच नाही ना.”

पण अवधूतला हिशेब करायला यंत्र लागत नव्हतं. ह्याच चालीने आणखी दहा वर्षं गेली तर हाती पाच महिने लागणार होते. तो कागदाची घडी खिशात घालून गाडीतून उतरला आणि पायऱ्यांवरच खाली बसला. चहाच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं, “काय पेंडुरकर, किती भरले?” त्याने नुसता हात हलवला.

सगळ्यात जाड वलय बाविसाव्या वर्षाचं होतं. ते कशाचं हे त्याला डॉक्टरांना विचारावं लागलं नाही. ते आरशाचं होतं.

आई गेली तेव्हा अवधूत बारा वर्षांचा होता. त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठ्या हेमाताईने त्याला आपल्या सासरी, सिंधुदुर्गातल्या कसालला नेलं आणि वाढवलं. पोराला आकाशाचं वेड. दुर्बीण विकत घेणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने ती घरी करायची ठरवली. मालवणच्या धक्क्यावर मोडीत निघालेल्या लाँचच्या दोन गोल खिडक्या होत्या, सहा-सहा इंच रुंदीच्या, जाड काचेच्या. त्या ताईनेच कुणाला तरी सांगून मिळवल्या. एक काच पिंपावर पक्की बसवायची, तिच्यावर कुरुंदाची पूड आणि पाणी टाकायचं आणि दुसरी काच तिच्यावर पुढेमागे घासायची. घासता घासता पिंपाभोवती फिरत राहायचं. महिनोन् महिने असं केलं की वरची काच आपसूक खोलगट होत जाते, आणि तोच दुर्बिणीचा आरसा. पडवीत रोज संध्याकाळी अवधूत घासायचा आणि ताई तांदूळ निवडत मोठ्याने मोजायची. शंभर घासे झाले की भिंतीवर कोळशाची रेघ. मध्येच तो बोलायला लागला की ओरडायची, “गप रे! माझो आकडो चुकता!”

काच जवळपास घासून झाली होती. उरलं होतं ते चकाकी देण्याचं नाजूक काम. तेवढ्यात कोल्हापूरची नोकरी आली. ग्रहणं, चंद्रोदय, नक्षत्रं ह्यांची गणितं करायची असं जाहिरातीत होतं, म्हणून तो आनंदाने गेला. सहा महिन्यांसाठी गेला होता, खरं तर. पुढे गणितं संगणक करू लागला आणि अवधूतकडे पानं तपासणं तेवढं उरलं. एकादशी ठळक आहे का, चतुर्थीला गणपतीचं चित्र आहे का, पाककृतीच्या पानावर मीठ सुटलंय का. कंपनीचा नियम होता की माणसाने सही केल्याशिवाय पान छापायचं नाही. त्या सहीचा माणूस तो झाला. सोडू, ह्या वर्षी सोडू, असं म्हणता म्हणता एकतीस वर्षं झाली.

ह्या कामाची एक गंमत होती. गंमत कसली, खोडच ती. दिनदर्शिका करणारा माणूस चालू वर्षात राहतच नाही. बाहेर लोक ह्या वर्षीची संक्रांत करत असतात आणि तो पुढच्या वर्षीच्या पोळ्याचा बैल नीट बसवत असतो. दिवाळीच्या आधी छपाई उरकेपर्यंत पुढचं अख्खं वर्ष त्याला तोंडपाठ झालेलं असतं आणि चालू वर्ष केव्हा आलं नि केव्हा गेलं, पत्ता नसतो. अवधूत बँकेच्या कागदावर हमखास पुढचं साल लिहायचा. बायकोला तिच्या वाढदिवसाचा वार पुढच्या वर्षीचा सांगायचा. घरात त्यावर हसणंखिदळणं व्हायचं.

गेल्या वर्षी दिवाळीआधी ताईचा फोन आला तेव्हा तो पानांत डोकं घालून बसला होता.

“अवधूता, औंदा आयेची तीथ कधी रे?”

आईची तिथी मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी. वर्षातून तेवढा एक दिवस बहीणभाऊ न चुकता भेटायचे. मान वर न करता तो म्हणाला, “बावीस डिसेंबर.”

“बरां. ये मगे. मी वाट बघतंय.”

ताईच्या भिंतीवर दरवर्षी त्यानेच पाठवलेली दिनदर्शिका असायची. पण तिने कशाला बघावं? तिचा भाऊ सांगत होता.

बावीस डिसेंबर ही तारीख बरोबर होती, पण पुढच्या वर्षाची. पुढच्या वर्षी अधिक महिना येत होता आणि तिथ्या अठरा दिवसांनी पुढे सरकल्या होत्या. त्या वर्षीची अष्टमी चार डिसेंबरलाच होती. चार तारीख आली नि गेली, अवधूत कोल्हापुरात पानं तपासत होता. तेरा तारखेला सकाळी अंगण झाडता झाडता ताई खाली बसली ती उठलीच नाही.

चार तारखेला घरात काय झालं ते भावोजींनी त्याला ती गेल्यावर चार दिवसांनी सांगितलं. रागाने नाही. त्या माणसाला राग येतच नाही.

“चार तारखेक शेजारीण विचारूक इली, आज तुमच्याकडे तीथ ना? तेव्हा हिनं कॅलेंडर बघल्यान. मी म्हटलंय, अवधूताक फोन करतंय. तर म्हणता, नको, तेका सांगू नकात. तेका वायट वाटतला. तो बावीसाक येतलो, तेव्हा परत करूया. मगे तिनं एकटीनंच सगळां रांधल्यान.”

त्या डिसेंबरात अवधूत जागा झाला. ताईच्या अंगणातली अर्धी झाडलेली बाजू, दोरीवर वाळणारी तिची जांभळी साडी, फडताळातले तिने भरून ठेवलेले कोकमाचे डबे, सगळं त्याला आजही बोट ठेवून दाखवता आलं असतं. तीस वर्षं झोपून काढलेला माणूस तिच्या जाण्याने उठला, आणि उठला तेव्हा ती नव्हती. एवढं जिव्हारी लागणारं दुःख त्याला कधी झालं नव्हतं. जानेवारीत तो पुन्हा कामावर गेला आणि पुढच्या वर्षात शिरला.

तपासणीच्या दिवशी संध्याकाळी त्याने तो कागद बायकोपुढे ठेवला. स्नेहल शाळेत विज्ञान शिकवायची. तिला समजावून सांगायची गरज नव्हती. तिने त्या बारीक रेघांवरून बोट फिरवलं.

“ही तीस वर्षं म्हणजे आपल्या लग्नाची सगळी वर्षं आली ह्यात,” ती म्हणाली.

“हो.”

“चौदा महिने.” तिने चष्मा काढला. “त्यात मी किती आहे रे?”

अवधूतने आठवायचा प्रयत्न केला. त्यांचं महाबळेश्वरला जाणं आठवलं, पण तिथे तिने काय नेसलं होतं ते आठवेना. मूल होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं तो दिवस आठवला, पण घरी येताना ती काय बोलली होती ते आठवेना. ती बोलली होती, पुष्कळ बोलली होती, एवढंच आठवत होतं. त्याला हुंदका फुटला. स्नेहल त्याची समजूत घालायला पुढे आली नाही. तिचंही खरं होतं. तिची तीस वर्षं जाड होती आणि त्यातली बरीचशी तिने एकटीने काढली होती.

शेवटी तीच म्हणाली, “तो करार कसला आहे?”

“शतकपट. पुढच्या शंभर वर्षांची दिनदर्शिका. बाराशे पानं. संगणक अर्ध्या मिनिटात करतो, मला प्रत्येक पान तपासून सही करायची.”

“म्हणजे आतापर्यंत एक वर्ष पुढे होतास, आता शंभर वर्षं पुढे जाणार.” ती उठली आणि कुकर लावायला गेली. आतून तिचा आवाज आला, “जायचं तर जा बाबा. मी काही शंभर वर्षं थांबणारी नाही.”

एकोणीस तारखेला अवधूत ढवळे साहेबांच्या खोलीत गेला आणि त्याने त्यांच्यापुढे हाताने लिहिलेला कागद ठेवला. ढवळे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी कागद वाचला, चष्म्यावरून वर पाहिलं आणि खो खो हसले.

“अहो पेंडुरकर, घाबरवलंत की मला! राजीनाम्यावर तारीख बघा काय घातलीय. एकोणीस डिसेंबर दोन हजार चाळीस. म्हणजे अजून वर्षभर आहात तुम्ही!”

अवधूतने कागद हातात घेतला. खरंच चाळीस लिहिलं होतं. एकतीस वर्षांत जे शेकडो वेळा झालं होतं तेच आजही झालं होतं. साहेब हसत होते आणि त्यांच्या हसण्यात एक पळवाट होती, हे त्यालाही कळत होतं. आपणही हसायचं, कागद चुरगळायचा, करारावर सही करायची. पेन्शन नीट बसेल, नातेवाइकांत कुणी नावं ठेवणार नाही. क्षणभर त्याला तसं करावंसंही वाटलं. पण त्याला भिंतीकडे पाठ करून, न बघता, विश्वासाने फोनवर ‘बरां’ म्हणणारी ताई दिसली.

त्याने खिशातलं पेन काढलं, चाळीस खोडलं आणि वर एकोणचाळीस लिहिलं. सही केली.

साहेबांचं हसू मावळलं. “चौपन्नाव्या वर्षी काय करणार आहात?”

“आरसा घासणार आहे.”

“आरसा?”

“हो. अर्धवट राहिलाय.”

“वेड लागलंय तुम्हाला,” साहेब म्हणाले, पण कागद त्यांनी परत दिला नाही. अवधूत दाराशी पोचल्यावर ते मागून म्हणाले, “पेंडुरकर, माझे ह्या वर्षी तीन आठवडे भरले. कुणाला बोलू नका.”

बावीस डिसेंबरला पहाटे निघून अवधूत आणि स्नेहल फोंडाघाटाने कसालला उतरली. वाटेत स्नेहल थोडं बोलत होती आणि तो ऐकत होता. मध्ये एकदा तिने विचारलं, “मी आत्ता काय म्हणाले?” आणि त्याने शब्दन् शब्द सांगितला. तिला हसू आलं, डोळ्यांत पाणीही आलं.

आज मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी होती. त्याने ताईला सांगितलेली तारीख आज बरोबर होती.

भावोजी पायरीवर उभे होते. “इलास?” एवढंच म्हणाले. आईचं पान वाढलं गेलं, शेजारी ताईचंही वाढलं. कावळा यायला वेळ लागला नाही. जेवणं झाल्यावर अवधूतने नोकरीला जाताना माळ्यावर ठेवलेल्या आरशाची चौकशी केली. तो असेल अशी त्याला आशा नव्हती. तीस वर्षांत घर दोनदा दुरुस्त झालं होतं, पडवीच्या भिंतीवरच्या कोळशाच्या रेघा केव्हाच चुन्याखाली गेल्या होत्या.

“तिनं ठेवल्यान हा ना,” भावोजी म्हणाले आणि शिडी घेऊन आले.

जुन्या लुगड्यात बांधलेल्या दोन्ही काचा खाली आल्या. कुरुंदाच्या पुडीची बरणीही होती. लुगडं सोडलं तेव्हा आतून एक पिवळा पडलेला कागद निघाला. दिनदर्शिकेचं फाटकं पान होतं ते, बत्तीस वर्षांपूर्वीच्या डिसेंबरचं. मागच्या कोऱ्या बाजूला ताईच्या गोल, शाळकरी अक्षरात पेन्सिलीने एक आकडा लिहिलेला होता: ३१,४००. खाली लिहिलं होतं, ‘अवधूत आल्यावर हयसून फुडे.’

अवधूत पडवीत मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला. भावोजी आत निघून गेले. स्नेहल ह्या वेळी त्याच्याजवळ येऊन बसली. तिने त्याला रडू दिलं.

ऊन उतरल्यावर त्याने काच न्याहाळली. इतक्या वर्षांच्या ठेवणीत तिच्यावर बारीक ओरखडे पडले होते. चकाकी देण्याआधी ते काढायचे तर पुन्हा काही हजार वेळा घासावं लागणार होतं. त्याचे डोळेही पूर्वीचे राहिले नव्हते. हा आरसा पुरा झाला तरी त्यातून अंधुक तारे दिसायला बाविसाव्या वर्षीची नजर हवी होती, आणि ती कुठल्याच यंत्रातून परत मिळणारी नव्हती. हे सगळं त्याला माहीत होतं. तरी त्याने पिंप उलटं घातलं, एक काच त्यावर पक्की बसवली, पूड टाकली, पाणी शिंपडलं आणि दुसरी काच वर ठेवली. तळहाताला काचेचा गारवा लागला. खर्र असा आवाज झाला, तो अगदी तसाच होता.

पहिल्याच घाशाला तो थांबला. मोजणारं माणूस जिथे बसायचं तिथे, खांबाला टेकून, स्नेहल बसली होती. मांडीवर तांदळाचं सूप नव्हतं, तिच्या हातात ताईचा कागद होता. ती तो आकडा पुन्हा पुन्हा वाचत होती.

“अवधूत,” तिने विचारलं, “मी मोजते. पण कुठून मोजू? ताईंनी सोडलं तिथून पुढे, की एकपासून?”